सव्वीस मेची ओळ

१

आमच्याकडे, जर्मनीशेजारच्या ह्या सपाट देशात, वाढदिवसांचं कॅलेंडर संडासात टांगतात. का, ते विचारू नका. बसल्या जागी डोळ्यांसमोर राहतं आणि माणूस वाढदिवस विसरत नाही, एवढंच त्याचं कारण असावं. ह्या कॅलेंडरवर वार नसतात, साल नसतं. नुसते महिने, तारखा आणि तारखेपुढे नाव आणि जन्मसाल लिहायला एक ओळ. एकदा टांगलं की तीस-चाळीस वर्षं ते खिळ्यावरून हलत नाही. माणूस गेलं तरी त्याचं नाव खोडत नाहीत, नावापुढे एक लहानसा क्रूस काढतात. कुणाकडे गेलं की आपलं नाव तिथे आहे का, हे सगळे गुपचूप पाहून घेतात. नसलं तर हसतमुखानं निरोप घेतात आणि घरी जाऊन धुसफुसतात.

हेन्नी बोल्हाऊसला गुपचूप काही जमत नसे. ती परक्याचं कॅलेंडरसुद्धा जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत चाळायची आणि बाहेर येऊन सांगायची, "तुमच्या घराला मार्च काही धार्जिणा दिसत नाही हो. चार क्रूस!" अशा वेळी रेन्स्केला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं. पण पन्नास वर्षांची मैत्रीण. आता तिला कोण सुधारणार?

बारा मेच्या सकाळी रेन्स्के आपल्या वार्फुमच्या घरात चीजच्या पावाचे डबे भरत होती आणि संडासातून हेन्नीचा आवाज आला.

"आहे गं बाई मी अजून! निळ्या शाईत!"

"तुला कोण खोडणार? बाहेर ये, साडेआठ वाजले."

"सेहेचाळीस वर्षं उशीर झालाय, त्यात पाच मिनिटं!"

सेहेचाळीस नव्हे, सत्तेचाळीस. एकोणीसशे सत्त्याहत्तरात दोघी अठरा-एकोणीस वर्षांच्या असताना ह्याच गावातून काळ्या समुद्रापर्यंत सायकलनं जायला निघाल्या होत्या. ऱ्हाइन नदी धरायची, मग डॅन्यूब, मग नदी नेईल तिथे. चौथ्या दिवशी एमेरिखला, ऱ्हाइनच्या काठावर, रेन्स्केच्या पोटात दुखायला लागलं. पोटाला काही झालं नव्हतं. येल्लेची आठवण येत होती. ती आगगाडीनं परत आली आणि त्याच हिवाळ्यात तिनं येल्लेशी लग्न केलं. हेन्नीनं आहेर म्हणून तो नकाशा दिला, एमेरिखच्या घडीवर दुमडलेला. सगळे पोट धरधरून हसले. रेन्स्केही हसली, पण त्या रात्री ती नकाशा उराशी धरून रडली, हे येल्लेलाही कधी कळलं नाही.

येल्ले जाऊन तीन वर्षं झाली. हेन्नीनं लग्न केलंच नाही. गावोगावच्या पोरांना पोहायला शिकवलं आणि स्वतःच्या सुंदर अक्षरात त्यांची प्रमाणपत्रं लिहिली. गेल्या शरदात तिच्या हृदयाची एक झडप बदलली. शुद्धीवर आल्यावर ती पहिलं वाक्य बोलली ते हे, "रेन्स्के, मेमध्ये निघायचं. सव्वीसला माझा वाढदिवस जर्मनीत."

रेन्स्के हो म्हणाली. काहीही झालं तरी ह्या खेपेला आपण परत फिरायचं नाही, अशी तिनं मनाशी गाठ बांधली.

२

सायकलवाल्यांना रात्रीपुरतं घरात घेणारे लोक आमच्याकडे गावोगाव आहेत. पहिला मुक्काम बोर्गरजवळ वेसेलिंगबाईंकडे होता. चारच्या सुमाराला पोचल्या तेव्हा उन्हानं दोघींची नाकं लाल झाली होती आणि हेन्नी वाटेतल्या प्रत्येक गायीला नावानं हाक मारून दमली होती. बाईंनी कॉफी दिली, बिस्किटाचा डबा पुढे केला आणि दोघींनी एकेक उचलताच झाकण टप्पकन लावलं. हेन्नीनं रेन्स्केला टेबलाखालून पाय मारला.

हेन्नी जाऊन आल्यावर रेन्स्के संडासात गेली. समोर कॅलेंडर, मे उघडलेला. नऊला मार्टिन, सत्तावीसला हर्म, सगळं बाईंच्या तिरक्या हिरव्या अक्षरात. आणि सव्वीसला, त्याच हिरव्या अक्षरात: हेन्नी.

तिला गंमत वाटली. ह्या देशात हेन्नींना काय तोटा? बाहेर येऊन ती सहज म्हणाली, "वेसेलिंगबाई, तुमच्याही हेन्नीचा वाढदिवस सव्वीसला?"

"कोण हेन्नी?"

"सव्वीस मे."

"सव्वीसला आमच्याकडे कुणी नाही. सत्तावीसला माझा दीर, हर्म." बाईंनी डोळे बारीक केले. "मी वाढदिवस विसरत नाही हं."

ते खरंही होतं. आमच्याकडची बाई चुलीवरचं दूध विसरेल, नवऱ्याला बाजारात विसरेल, पण वाढदिवस विसरायची नाही. रेन्स्केनं विषय बदलला. वयाबरोबर होतं असं, तिनं मनाशी म्हटलं. बाईंचं वय, की आपलं, ते मात्र तिनं ठरवलं नाही.

३

दुसऱ्या दिवशी ओमेनला एका निवृत्त पोस्टमनकडे उतरल्या. मेंडर्ट त्याचं नाव. एकटा राहणारा, कमी बोलणारा. घर इतकं स्वच्छ होतं की पाय टाकायला संकोच वाटावा. घड्याळाची टिकटिक खालच्या मजल्यावरून वरपर्यंत ऐकू येत होती.

हेन्नी आधी संडासात गेली आणि नेहमीसारखी बराच वेळ आत राहिली. आतून कॅलेंडरची पानं उलटल्याचा आवाज येत होता. बाहेर आली तेव्हा काही बोलली नाही. रेन्स्केच्या ते तेव्हा लक्षात आलं नाही. ती आत गेली आणि दाराची कडी लावायची राहून गेली.

मेचं पान कोरं होतं. फक्त एका ओळीवर, गोल गोल बायकी अक्षरात, लिहिलं होतं: हेन्नी बोल्हाऊस, ५८.

रेन्स्के किती वेळ बसून राहिली कोण जाणे. मग तिला हसू फुटलं. ही सटवी! आधी आत जाते, पेन खिशात, तीस वर्षं प्रमाणपत्रं लिहिलेला हात. बोर्गरलाही तिचंच काम. वाढदिवसाची आठवण करून द्यायची ही तऱ्हा!

जेवताना ती मेंडर्टला म्हणाली, "कॅलेंडरवरचं अक्षर तुमच्या बायकोचं का?"

"तिचंच. ती गेल्यावर मी त्यावर काही लिहिलं नाही."

"मेमध्ये तुमच्याकडे वाढदिवस नाहीत वाटतं?"

"मेमध्ये आमच्या घराण्यात कुणी जन्मतच नाही," मेंडर्ट गंभीरपणे म्हणाला, "मेंढरांचा हंगाम असतो."

एरवी ह्यावर हेन्नी खुर्चीतून पडेस्तोवर हसली असती. पण ती बटाटा कुस्करत होती. हळूच तिनं वर पाहिलं, आणि रेन्स्केच्या चेहऱ्याकडे अशी पाहत राहिली की जणू तिथलं काही लिहून ठेवायचं आहे.

"काय गं?"

"काही नाही. लोणी दे."

पकडली गेल्यावर चोरटं हसणारी हेन्नी रेन्स्केला शाळेपासून ठाऊक होती. हे तसं नव्हतं.

४

झुत्फेनला मुद्दाम रेन्स्केनं जोरात पायडल मारलं, सायकल भिंतीला टेकवली आणि हेल्मेटसकट घरात शिरली. "माफ करा, फारच घाई आहे," असं तिनं त्या दारात उभ्या असलेल्या बिचाऱ्या गृहस्थाला सांगितलं. हेन्नी अजून फाटकापाशी मागच्या पिशव्यांचे पट्टे सोडत होती. आज तिला पेन काढायला वेळच नव्हता.

आत दिवा पिवळा होता. कॅलेंडर जुनं, कडा तपकिरी पडलेल्या. मे.

हेन्नी बोल्हाऊस, ५८. शाई इतकी फिकी की चाळीस वर्षांपूर्वी लिहिली असावी. वरच्या-खालच्या नावांइतकीच फिकी. आणि नावापुढे एक उभी रेघ. ती मात्र काळीभोर होती.

आमच्याकडे नावापुढे उभी रेघ कुणी उगाच काढत नाही. तिच्यावर आडवी मारली की काय होतं, ते शेंबड्या पोरालाही कळतं.

फोटो काढावा, असं तिच्या मनात आलं. फोटोत ते नाव दिसलं तर? आणि नाही दिसलं तर? दोन्हींतलं बरं कुठलं, हे तिला ठरवता येईना. फोन खिशातच राहिला. नळ सोडून तिनं तोंडावर पाणी मारलं. डोकं सांगत होतं की तीन दिवसांचं ऊन, पासष्ट वर्षांचं वय, मैत्रिणीच्या काळजाची काळजी. माणसाला काहीबाही दिसतं.

संध्याकाळी बागेत बसल्या असताना ती म्हणाली, "हेन्नी, माझ्या पोटात दुखतंय गं. उद्या गाडी धरू या का?"

हेन्नी चिडवेल, हात जोडेल, नकाशाची आठवण काढेल, असं तिला वाटलं होतं. सत्तेचाळीस वर्षं ती चिडवतच आली होती. पण हेन्नीचा चेहरा एकदम उतरला.

"कुठे दुखतंय? इथे? किती वेळ झाला? आधी का नाही बोललीस?"

"अगं, एवढं काही नाही."

"डॉक्टरकडे जाऊ."

"गंमत केली," रेन्स्के म्हणाली. ह्या बाईला मी दुसऱ्यांदा पोटदुखी सांगितली, असं वाटून तिला स्वतःची लाज वाटली.

५

सरहद्द ओलांडली तेव्हा रेन्स्केला मोकळं वाटलं. जर्मन लोक संडासात फार तर देखाव्यांची चित्रं लावतात. सरहद्दीच्या दगडापाशी तिनं मागे वळून आपल्या सपाट, ओल्या देशाकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, राहा तिकडेच.

त्या दिवशी वारा समोरून होता. हेन्नीला धाप लागायला लागली तशी रेन्स्के तिच्या बाजूला आली आणि एक हात तिच्या पाठीवर ठेवून तिला हळूहळू ढकलू लागली. शाळेत जाताना पाच वर्षं त्या तशाच जायच्या. तेव्हा ढकलणारी हेन्नी असायची.

"जमाना उलटला," हेन्नी धापा टाकत म्हणाली.

"बोलू नकोस. पाय मार."

"शाळेत तू फार जड होतीस, एवढंच सांगते."

एमेरिखला त्या ऱ्हाइनच्या काठावर बसल्या. लांबलचक मालवाहू बोटी जात होत्या. एकीच्या टपावर धुतलेले कपडे वाळत होते. रेन्स्केनं इतकी वर्षं न विचारलेला प्रश्न विचारला.

"मी गेल्यावर तू काय केलंस तेव्हा?"

"इथेच बसले. तुझा पाव खाल्ला, माझा खाल्ला. मग पूल ओलांडून पलीकडे गेले. एकटीनं. अर्धा दिवस चालवली. सगळं तसंच होतं गं, नदी, झाडं, बोटी. पण कुणाला दाखवणार? 'ते बघ' म्हणायला शेजारी कुणी नाही. मग वळले." तिनं एक खडा पाण्यात टाकला. "तुझ्यावर राग नव्हता माझा. एकटीला पुढे जायची फार भीती वाटली, एवढंच."

रेन्स्केचे डोळे भरून आले. तिनं हेन्नीचा हात हातात घेतला, आणि म्हाताऱ्या बायका वाऱ्यानं डोळ्यांतून पाणी येतं म्हणतात तसं दोघींनी म्हटलं. मग त्या पूल ओलांडून पलीकडे गेल्या आणि हेन्नी वाटभर "ते बघ, ते बघ" करत राहिली. बगळा बघ, चिमणी बघ, तो टकला बघ. इतका सुखाचा दिवस रेन्स्केला येल्ले गेल्यापासून आठवत नव्हता.

६

क्सान्तेनजवळचं घर जर्मन होतं, पण घरधनीण निघाली आमच्याकडची. कोर्री, लग्न होऊन इकडे आलेली. दारातच तिनं दोघींना मिठ्या मारल्या. "आपल्या बोलीत बोला गं बायांनो, कान आसुसलेत!" ती बाजारातून वांग्याबटाट्याचं काही आणायला बाहेर पडली आणि घर शांत झालं. उतरतं ऊन फरशीवर आलं होतं. स्वयंपाकघरात फ्रिज गुरगुरत होता.

हेन्नी संडासात गेली होती. रेन्स्केच्या कानावर पानांचा आवाज आला. एक पान, दुसरं, तिसरं. कोर्रीनं इथेही कॅलेंडर आणलं होतं. रेन्स्के दाराशी येऊन थांबली.

दार उघडलं. हेन्नीचा चेहरा पांढराफटक होता.

"रेन्स्के, आपण परत जाऊ. आज. आत्ता."

तिला दिसलं, रेन्स्केला वाटलं. शेवटी दिसलं तिला आपलं नाव. "तू मनाला लावून घेऊ नकोस," ती घाईनं म्हणाली, "मी पहिल्या दिवसापासून बघतेय. कुणाचा तरी चावटपणा असेल. नाव असलं म्हणून काही..."

"पहिल्या दिवसापासून? आणि तू अशी शांत?"

"तुझ्या काळजापायी शांत! मेमध्ये तुझं नाव बघून मी काय नाचू?"

"माझं?" हेन्नीनं भिंतीला हात टेकला. "मेमध्ये काही नाही गं. मे तर मी रोज बघते. मी नोव्हेंबरबद्दल बोलतेय. नऊ नोव्हेंबर. तुझ्याबद्दल."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मग दोघी त्या अरुंद संडासात शिरल्या, खांद्याला खांदा लावून, आणि हेन्नीनं नोव्हेंबर उघडला.

रेन्स्केला नऊ तारखेची ओळ दिसली. कोरी. तिनं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. कोरीच.

"इथे काही नाही, हेन्नी."

"रेन्स्के वीर्समा, ५८," हेन्नी हळू आवाजात वाचत होती, "आणि काल नुसती उभी रेघ होती. आज..." तिनं त्या कोऱ्या ओळीवर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं मागे घेतलं. बोटाचं टोक तिनं उजेडात धरून पाहिलं. मग ते पँटला पुसलं. पुन्हा पाहिलं, पुन्हा पुसलं. रेन्स्केला त्या बोटावर काहीच दिसत नव्हतं.

"आता मे," हेन्नी म्हणाली. तिनंच पानं मागे उलटली. "मला कोरं दिसतंय. तुला काय दिसतंय?"

सव्वीसच्या ओळीत नाव होतं. नावापुढे उभी रेघ होती आणि तिच्यावर आडवी रेघ डावीकडून निघून मध्यापर्यंत आली होती. तिचं पुढचं टोक ओलं होतं, खिडकीच्या उजेडात चकाकत होतं. रेन्स्के पाहत असतानाच ते केसभर पुढे सरकलं.

तिनं पान मिटलं.

"काय दिसलं?"

"काही नाही," रेन्स्के म्हणाली. "मलाही कोरं. आणि तुला, मघाशी? आज काय म्हणालीस?"

हेन्नीनं तिच्याकडे पाहिलं. पन्नास वर्षांत रेन्स्केला हेन्नीचं खोटं कधी पकडावं लागलं नव्हतं. ते आधीच तोंडावर दिसायचं.

"काही नाही," हेन्नी म्हणाली. "डोळे दिपले असतील उन्हानं."

७

सकाळी कोर्रीच्या फाटकापाशी दोन पाट्या होत्या. डावीकडे स्टेशन, उजवीकडे नदी.

"घरी जाऊन तरी काय?" हेन्नी पिशव्यांचे पट्टे आवळत म्हणाली. "घरोघरी कॅलेंडर. माझ्या संडासात तू आहेस, तुझ्यात मी. इथे निदान 'ते बघ' म्हणायला काहीतरी आहे. तुला जायचं असेल तर जा. ह्या खेपेला रागवणार नाही."

"मूर्ख आहेस," रेन्स्के म्हणाली आणि उजवीकडे वळली. छातीवरचं मोठं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं. काय व्हायचं ते होवो, ह्या बाईला मी नदीच्या काठी एकटी टाकणार नाही.

नदीकाठच्या बांधाचं काम चालू होतं. सायकलींना मोठ्या रस्त्यानं वळवलं होतं, आणि त्या रस्त्यानं खाणीतून खडी भरलेले ट्रक येत-जात होते. तिकडचे लोक अशा रस्त्यावर एकामागून एक चालवतात. आमचे लोक नाहीत. आम्ही लहानपणापासून शेजारी-शेजारी चालवतो. गप्पा मारता येत नसतील तर सायकल कशाला, पायीच जावं!

पहिला ट्रक गेला तेव्हा त्याच्या वाऱ्यानं दोघी हलल्या. रेन्स्के लगेच हेन्नीच्या डाव्या बाजूला आली, ट्रकांच्या बाजूला. थोड्या वेळानं हेन्नी मागे पडली, आणि बघते तो पुन्हा हेन्नी डावीकडे.

"आत हो," रेन्स्के म्हणाली.

"तू हो. मला ह्या बाजूनं बरं ऐकू येतं."

"तुझे दोन्ही कान ठणठणीत आहेत."

"म्हणूनच. तू आत हो."

रेन्स्केनं जोर लावला आणि वळसा घालून बाहेरून आली. हेन्नीनं हँडल वळवून तिला अडवलं. लहानपणी त्या शाळेच्या फाटकातून आधी कोण शिरणार म्हणून अशाच भांडायच्या. रेन्स्केला हसू आलं. हेन्नीलाही आलं. दोघी ओरडून ओरडून हसायला लागल्या, भर रस्त्यात, पासष्ट वर्षांच्या दोन बाया. कालपासून पोटात बसलेली भीती क्षणभर कुठल्या कुठे पळाली.

"काल तू मला खोटं सांगितलंस," हेन्नी हसता हसता म्हणाली.

"तूही."

"हो."

पुढे वळण होतं. मागून ट्रकचा आवाज येत होता, खडी घेऊन भरधाव येणारा. दोघींनीही तो ऐकला.

रेन्स्के डावीकडे सरकली. हेन्नीही डावीकडे सरकली.